बिबियानेवहिनीची अस्वले

माझ्या थोरल्या भावाची बायको बिबियाने. तिने उभ्या जन्मात बंदूक हातात धरली नाही, तरी गावात सगळ्यात जास्त अस्वले तिच्याच नावावर आहेत. त्यातली बहुतेक मी मारलेली. ग्रीनलंडच्या या किनाऱ्यावर रीतच तशी आहे. अस्वल ज्याला आधी दिसले आणि ज्याने ओरडून सांगितले, त्याचे. मारणारा नुसता मारतो. कातडे पाहणाऱ्याचे, आणि मांस वाटण्याचा मानही त्याचाच.

आणि वहिनीला दिसायचेच. सीलचे मांस ढवळता ढवळता ती खिडकीकडे मान वळवायची आणि ओरडायची, "भावजी, धावा! आलंय बघा!" मग मी कुत्री जुंपायचो, जीव मुठीत धरून बर्फावर जायचो, आणि परत येऊन पाहावे तर कॉफीला सगळा गाव तिच्या घरी लोटलेला. माझा भाऊ एनोक दुपारपर्यंत लोळणारा माणूस. पण अस्वलाच्या कातड्याची विजार घालून दुकानापर्यंत मिरवायचा. आयत्या बिळावर नागोबा! त्याच्या मागून सीलच्या कातड्याची विजार घालून चालताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"दादा, वहिनीचे डोळे दे ना मला चार दिवस उसने," मी एकदा म्हणालो.

"डोळे घेऊन काय करशील? तुला पायाखालचा कुत्रा दिसत नाही," एनोक म्हणाला. सगळे खो खो हसले. वहिनी तेवढी हसली नाही, आणि मला तिचाच जास्त राग आला.

पूर्वी ऑक्टोबरात समुद्र गोठायचा आणि अस्वले सीलच्या मागे बर्फावर निघून जायची. आता ऑक्टोबर सरला तरी पाणी मोकळेच असते. बर्फ नाही म्हणून त्यांना शिकार नाही. उपाशी अस्वले किनाऱ्यावर अडकतात आणि गावाच्या कचऱ्याकडे वळतात. त्यात वर्षाला किती मारायची तेही सरकारने बांधून दिलेले. गेल्या वर्षी गावाच्या वाट्याचे एकच उरले होते, आणि मला ते हवे होते. माझे गुडघे गेले आहेत. एकदा तरी गावाने माझ्या घरी कॉफी प्यावी, माझ्या हातून मांस घ्यावे, एवढीच हौस राहिली होती.

एके दुपारी मी कचरा टाकायला गेलो, तर ढिगाच्या मागे काहीतरी पांढरे हलले. माझी नजर आधी वहिनीच्या खिडकीकडे गेली. ती खिडकीतच उभी होती, पण गप्प. मी जीव खाऊन ओरडलो, "माझं! मी पाहिलं! माझं!" घरी जाऊन बंदूक आणली, तरी अस्वल पळाले नव्हते. एका गोळीत पडले.

सोलायला बसलो तर चरबीचा पत्ता नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, केस झडलेले, पोटात प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोराचे तुकडे. कातड्याची धड विजारही झाली नसती. लोक आले, कॉफी प्यायले, वाऱ्यापाण्याच्या गप्पा मारून उठले. अस्वलाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी वहिनी आली.

"काय वहिनी, आज डोळे घरी विसरलात वाटतं?" मी टोमणा मारलाच.

"परवापासून बघतेय मी त्याला," ती म्हणाली.

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडले असते तर तुम्ही आलाच असता की बंदूक घेऊन. म्हटलं, खाऊ दे बापड्याला काय मिळेल ते. बर्फ धरला की जाईल आपल्या वाटेनं."

"म्हणजे रीतीनं ते तुमचंच," मी कसाबसा बोललो.

"छे हो, मी कुठे ओरडले? तुमचंच ते," असे म्हणून तिने आपल्या वाट्याचा तुकडा उचलला आणि गेली.

गावही तेच म्हणते. माझ्या नावावर एवढे एकच अस्वल आहे, आणि तेसुद्धा तिने सोडून दिलेले.