चढावरचा करपट वास

पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, कोल्हापूरहून आजऱ्याला निघालेल्या एका मोटारीतून पहिल्याच चढावर करपट वास येऊ लागला. मोटार मंगळवार पेठेतल्या एका गूळ-व्यापाऱ्याची होती. ती माझा थोरला भाऊ चालवत होता. मी त्याच्या शेजारी बसलो होतो; एका साप्ताहिकासाठी आजऱ्याच्या बाजाराची बातमी आणायची होती. शेट मागे, शाल लपेटून.

ही मोटार यापूर्वी वाटेत बंद पडून बैलांनी ओढून आणावी लागली होती. शेटची जुनी बग्गी अजून तबेल्यात उभी होती. निघताना ते दादाला म्हणाले होते, "आज आजऱ्याला पोचलो न्हाय, तर उद्यापास्नं घोडं जुपायचं. तू मुडशिंगीला जाऊन नांगर धर."

गडमुडशिंगीला आमची थोडी जमीन होती. दादाला नांगर धरता येत होता. धरायचा नव्हता.

धुके दाट होते. दोन्ही बाजूंचा ऊस दिसत नव्हता, नुसती त्याची सळसळ मोटारीबरोबर येत होती. गुऱ्हाळांचे जाळ पांढऱ्यात तांबूस डागांसारखे तरंगत आणि मागे विरून जात. आपण रस्त्यावरून चाललो आहोत की कुठल्याशा थंड, दुधाळ पाण्यावरून, हे सांगता आले नसते. चढ आला. दादाने स्टिअरिंगवरची कांडी सरकवून पेट्रोल वाढवले. इंजिनाचा आवाज चढला, मोटारीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला. त्याच वेळी वास आला. करपट, जड, किंचित गोडसर.

"कुणाची तरी काहील लागली," शेट मागून म्हणाले. "रस करपला बघ. गुळव्या झोपलाय."

गुळाच्या वासावरून शेटशी वाद घालायची पेठेत कुणाची रीत नव्हती. सपाटीला वास गेला. पुढच्या चढाला पुन्हा आला. तिथेही जवळ गुऱ्हाळ होते.

निपाणी मागे पडल्यावर धुके उठले. ऊस संपून माळ लागला. उन्हात वाळले गवत हलत होते, दूरवर गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि धूर कुठेच नव्हता. चढ सुरू झाला, दादाने पेट्रोल वाढवले, आणि तोच वास आला, आता अधिक दाट.

"हितं कुठली काहील, शेट?"

शेटनी थोडा वेळ हुंगून पाहिले. "घोडं कधी करपत न्हाय," ते म्हणाले.

चढाच्या मध्यावर इंजिन गरजत राहिले आणि चाके थांबली. दादाने इंजिन बंद केले. मी उतरून चाकांखाली दगड लावले.

दादाने आधी ब्रेकवर हात ठेवला. तो थंड होता. पाण्याची वाफ नव्हती. तारांचे रबर जळले की नाकात झोंबते, तसे हे झोंबत नव्हते. शिवाय पेट्रोल वाढवले तरच वास येत होता. तो मोटारीच्या पायरीवर बसला आणि डोळे मिटून राहिला. मग मला म्हणाला, "माझ्या लग्नातल्या चपला आठवत्यात तुला?"

"चुलीपाशी ठेवलेल्या?"

"व्हय. त्योच वास हाय ह्यो."

कोल्हापुरात नवी चप्पल पायात घालण्याआधी तिला तेल पाजतात. दादाच्या लग्नातली जोडी तेल पिऊन चुलीपाशी सुकत होती, ती करपली. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या क्लचवर त्या काळी चामड्याचा पट्टा असे. मोटारीतला झिजला होता. मुंबईचा यायला वेळ लागणार म्हणून दादाने चपला करणाऱ्याकडून तसाच कापून घेतला, आणि बसवल्यावर आदल्या दिवशी त्याला पोटभर एरंडेल लावले. पट्टा घट्ट धरण्याऐवजी घसरत होता, आणि घसरून जळत होता.

"तेल कुणी सांगितलं हुतं?" शेटनी विचारले.

"नवं चामडं, शेट. तेल न पाजता कसं घालायचं?"

शेटनी स्वतःच्या पायांतल्या चपलांकडे पाहिले.

माळावर एक झोपडी होती. दादाने तिथल्या म्हातारीकडे चुलीतली राख मागितली. तिने ती चाळून सुपात आणली आणि मोटारीपाशी उभी राहिली.

"पावणं, मोटारीला बी राख लावत्यात व्हय?"

"तुमी तेलाची भांडी कशानं घासता, आजी?"

"राखंनंच की. पर आमची भांडी पळत न्हाईत."

"आमची बी न्हाई पळत," शेट म्हणाले.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी क्लचचे पेडल दाबून धरले. दादाने फडक्याने तेल पुसले, राख टाकली, पुन्हा पुसले, पुन्हा टाकली. यातच दुपार टळून सावल्या लांबल्या होत्या. माळावर वारा पडला होता आणि राख हवेत जिथल्या तिथे थांबल्यासारखी दिसत होती.

दादाने इंजिन चालू केले. मी दगड काढले. पेट्रोल वाढवताच मोटार हिसका देऊन पुढे सरकली. चढ संपेपर्यंत तिघेही हुंगत होतो. वास गवताचा होता.

दिवेलागणीला मोटार आजऱ्यात शिरली.

पुढच्या महिन्यात बग्गी विकली गेली. घोडे गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्याने घेतले.