मी कडी लावली आणि ती उभी राहिली

आत्ताच परत आलेय, लगेच इथे लिहितेय.

जात, आईपण आणि तुरुंग यावर मी संशोधन करते. आज पोलादपूरजवळच्या आदिवासीवाडीत, जामिनावर सुटलेल्या एका आईकडे गेले. तिची चार वर्षांची मुलगी तिच्यासोबत तुरुंगातच वाढलेली.

रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज नको म्हणून सवयीने मी दाराला आतून कडी लावली. खेळणारी पोर ताडकन उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"कडी काढा, ताई," आई म्हणाली. "जेलात कडी लागली की माणसं मोजायला येतात, येवढंच तिला ठाव हाय. चोरी कुठं बी होवो, पोलीस नेतात आमालाच."

मी दार सताड उघडलं. पोर हलेना. 'मोजून झालं' असं मी सांगायची वाट बघत राहिली.

मला माझीच भीती वाटली. तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?