खाटेभोवतीचा वर्ग

बाईंच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की पेशंटसुद्धा कण्हणं आवरतं घेत, असं हॉस्पिटलात म्हणायचे. एकतीस वर्षं परिचारिका, त्यातली शेवटची नऊ मुख्य परिचारिका! अशा बाई निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत घरातली सगळी कपाटं तीनदा आवरून बसल्या. चौथ्यांदा हात घातला तेव्हा त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमन, हात जोडून म्हणाले, "अगं, माझे मोजेसुद्धा आता रांगेत उभे राहतात. कुठेतरी नोकरी धर बाई, नाहीतर मी तरी धरतो."

म्हणून बाई व्यवसाय शिक्षण देणाऱ्या संस्थेत गेल्या. रुग्णसेवक तयार करायचा सहा महिन्यांचा वर्ग होता, सकाळी सात ते नऊ, कारण शिकणारी सगळी कामाधंद्याची माणसं. खोलीत पंधरा बाकं, एक फळा आणि मागच्या भिंतीला लावलेली लोखंडी खाट. सतरा जणांनी नाव घातलं होतं. त्यांत बसवरचा एक कंडक्टर, दुकान बंद पडलेला एक शिंपी आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी. पस्तिशीच्या आतलं कुणीच नव्हतं.

आणि बाईंनी काय करावं? पहिल्याच दिवशी एकेकाला उभं करून हजेरी घेतली आणि दोन तास वही लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मावशींना दारातच थांबवलं.

मावशी म्हणाल्या, "बाई, माझी नात पहिलीत आहे. तिलासुद्धा असं उभं करत नाहीत हो!"

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

तीन आठवड्यांत सतराचे सात झाले. प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस मऊ, पण नियमाला पक्का. "बाई, दहाच्या खाली वर्ग चालवता येत नाही. महिनाअखेरीला मी स्वतः येऊन डोकी मोजणार. दहा भरली नाहीत, तर वर्ग बंद."

बाई घरी आल्या त्या तोंड एवढंसं करून. यजमानांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "तू शिकवतेस तरी कशी?"

"औषध पाजावं तशी. गोड असो, कडू असो, घ्यायलाच पाहिजे."

"मग बरोबर आहे. धडधाकट माणसं नाक दाबून किती दिवस पिणार?"

बाईंना राग आला. पण त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या हेही खरं.

दुसऱ्या दिवशी खाटेवर चादर घालायचा धडा होता. बाई खाटेशी उभ्या राहून सांगत होत्या, चादरीला सुरकुती राहिली तर पेशंटच्या पाठीला जखम होते. तेवढ्यात मागून शिंपी चाचरत म्हणाला, "बाई, रागावू नका, पण कापड आडवं धरलंय तुम्ही. उभा धागा लांबीत येऊ द्या, म्हणजे ते ढिलं पडणार नाही."

एकतीस वर्षांचं उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि चादर त्याच्या हातात दिली.

शिंप्याने चादर झटकली, फिरवली, कोपऱ्याला पाकिटासारखी घडी मारली आणि गादीखाली सारली. बाकांवरची माणसं कधी उठून खाटेभोवती आली, कुणालाच कळलं नाही.

"कुठे शिकलात हे?" बाईंनी विचारलं.

"पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांच्या अंगावरच्या सुरकुत्या काढतोय बाई. गादीचं काम सोपं. माप घेताना गादी पोट आत ओढत नाही."

त्या दिवशी बाई पहिल्यांदा वर्गात हसल्या, आणि त्याही अशा की डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी हजेरीचं पुस्तक मिटलं आणि एकेकाला विचारलं, "तुम्हाला काय येतं ते सांगा." कंडक्टरने चालत्या बसमध्ये तोल गेलेल्या माणसाला कसं सावरायचं ते दाखवलं. पाय फाकवायचे, गुडघे सैल आणि आधार दंडाला नाही, कमरेला. पुस्तकात यावर चार पानं होती, कंडक्टरच्या पायांत ती आधीपासून होती. मावशी म्हणाल्या, "माणूस किती जेवला ते वाढताना नाही कळत. ताट परत आल्यावर बघायचं." बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

पुढे तर बाई स्वतःच खाटेवर आडव्या पडू लागल्या. कधी हट्टी म्हातारी, कधी घाबरलेली लेकुरवाळी. "पाणी गार का? हात थंड का? तू कोण रे मला उठवणारा?" आधी पेशंटला सांभाळायचं, मग जे केलं ते वहीत लिहायचं. उशिरा येणारा मुकाट्याने कोंडाळ्यात शिरायचा. शिंपी तर सोडून गेलेल्यांच्या दारोदार फिरला. "या हो परत! बाई आता आजारी पडतात!" तिघं आली. झाले दहा.

महिनाअखेर उजाडली. त्या दिवशीचा धडा होता पेशंट झोपलेला असतानाच चादर बदलायचा. कंडक्टर रात्रपाळी करून थेट आला होता, त्याने पेशंट व्हायला आनंदाने होकार दिला. शिंपी आणि मावशींनी त्याला एका कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळून पाठीशी सारली, नवी पसरली, मग दुसऱ्या कुशीवर. जुनी निघाली, नवी ताणली गेली. वरून पांघरूण, पार डोक्यावरून.

तेवढ्यात प्राचार्य आत आले. बोटाने मोजू लागले. पुन्हा मोजलं. बाईही त्या बोटाबरोबर मोजत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. नऊ!

"बाई, मला फार वाईट वाटतंय," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

एकतीस वर्षांत एकही पेशंट न विसरलेल्या बाई ऐन वेळी खाटेवरचा पेशंट विसरल्या होत्या!

"साहेब," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "खाटेवर काय उशा रचल्यात का आम्ही?" आणि त्यांनी पांघरूण बाजूला केलं.

कंडक्टर गाढ झोपला होता. शिंप्याने हलवलं तसा तो धडपडत उठला. "काय? आला शेवटचा स्टॉप?"

हशा असा उसळला की शेजारच्या वर्गातली माणसं दारात येऊन उभी राहिली. प्राचार्य मात्र खाटेकडे आणि खाली पडलेल्या जुन्या चादरीकडे बघत होते. "याच्याखालची चादर आत्ता बदललीत? हा झोपेत असताना?"

"दोनदा वळवला साहेब," शिंपी म्हणाला. "डोळासुद्धा उघडला नाही."

प्राचार्यांनी वाकून कोपऱ्याची घडी बोटाने चाचपली, मग हजेरीच्या पुस्तकात ठळक अक्षरात दहा लिहिलं. "पुन्हा एकदा करून दाखवाल? मला पाहायचंय."

बाईंनी पदर खोचला, डोळे पुसले आणि कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, पडा परत. आणि झोप येत असेल तर खुशाल झोपा."