दादांच्या विहिरीसाठी समुद्रातलं कासव

मालवणला जायचं मी ठरवलं होतं, दादांनी नाही. डी.एड.ला माझ्याबरोबर असलेली सुलभा तिकडची. दोघांनी वल्हवायची चिंचोळी होडी घेऊन खडकांपर्यंत जाता येतं, नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात, असं ती सारखी सांगायची. समुद्राचा तो भाग सरकारनं नुकताच राखीव केला होता. शाळेच्या परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले आणि मी परभणीकडच्या ताडकळसला, घरी जाऊन बेत सांगितला. दादा, म्हणजे माझे वडील, लगेच म्हणाले, "मी बी येतो. समिंदरात कासवं असत्यात म्हणं."

कासवाचं कारण सांगते. आमच्या शेतात नुकतीच विहीर झाली होती, पाणीही चांगलं लागलं होतं. आम्ही बौद्ध. माझी आजी गावच्या आडापासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर पाणी. आणि आता आमची स्वतःची विहीर. आमच्याकडं विहिरीत कासव सोडतात, त्यानं पाणी निर्मळ राहतं असं मानतात. दादांनी गावभर सांगून ठेवलं होतं की माझ्या हिरीत समिंदराचं कासव ऱ्हाणार. मला वाटलं, गंमत करतायत.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कधी बंद पुकारला जाईल आणि कुठल्या स्टँडवर अडकून पडू याचा नेम नसायचा, म्हणून पहाटेचीच एसटी धरली. परभणी, सोलापूर, कोल्हापूर, मग फोंडा घाट. सोलापूरला मुक्काम केलात तर अंग धरत नाही. बरोबर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, ती घाटापर्यंत पुरली. घाटात मला उलट्या झाल्या. दादा मात्र खिडकीतून डोकं काढून झाडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सुलभाचा भाऊ प्रकाश आम्हाला समुद्रावर घेऊन गेला. एका होडीत तो आणि दादा, दुसरीत सुलभा आणि मी. दादांनी आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, लय खारट हाय की." किनाऱ्यावरची माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वल्हं त्यांना माझ्याआधी जमलं. खडकांजवळ पांढऱ्या पोटाचा गरुड बसला होता. जाणार असाल तर एवढंच करा, वल्हं थांबवा आणि गप्प बसा. आम्ही तसे बसलो तेव्हाच डॉल्फिनांच्या काळ्या पाठी वर आल्या. त्या बुडाल्या तरी दादा तिकडंच बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता प्रकाशनं आम्हाला वाळूवर नेलं. कासवानं अंडी घातलेली जागा त्यानं आणि शेजाऱ्यांनी काट्यांचं कुंपण लावून राखली होती. वाळू हलली आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्लं धडपडत पाण्याकडं निघाली. कुणीही हात लावायचा नाही, प्रकाशनं बजावलं होतं. मी पिल्लांकडं बघत होते, दादांकडं बघायचं सुचलं नाही.

सुलभाच्या घरी परत येऊन घावणे खायला बसलो तर खाटेखालून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. सुलभाच्या आईनं वाकून आमचा फिरकीचा तांब्या बाहेर ओढला. झाकण सैल होतं. आत दोन पिल्लं होती.

"काका, पाणी खयचा घातलात?" प्रकाशनं विचारलं.

"तुमच्या हिरीचं. गोडं घातलं," दादा कौतुकानं म्हणाले. "खारट पाण्यात जीव नकोसा झाला आसंल त्येचा. आमच्या हिरीत सुखानं ऱ्हाईल."

"ता दर्यातला असा, काका. गोड्या पाण्यात जगाचा नाय."

कुणी आवाज चढवला नाही, त्यामुळं आणखीच लाज वाटली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. दादांच्या हातातला घावण्याचा तुकडा तसाच राहिला. ते उठले, तांब्या छातीशी धरला आणि अनवाणी किनाऱ्याकडं चालू लागले. आम्ही मागून गेलो. ओल्या वाळूवर त्यांनी दोन्ही पिल्लं ठेवली. एक थोडं थांबलं, मग लाटेबरोबर गेलं. दुसरं हललं नाही. दादांनी त्याला बोटानं पुढं सारलं, पुन्हा सारलं. शेवटी प्रकाशनं त्यांचा हात धरला.

अजून दोन दिवस राहायचं होतं, पण दादा थांबायला तयार होईनात. सुलभाच्या आईनं वाटेसाठी बांधून दिलेल्या पोळ्या घेतानासुद्धा त्यांनी मान वर केली नाही. घाट चढताना ते एकदम म्हणाले, "आपल्याला पाण्यापासून लांब ठेवलं लोकांनी. अन् मी त्या लेकराला त्येच्या पाण्यापास्नं लांब नेलं." त्यांची लाज मला पुरती कळली. सकाळी मला वाटलेली लाज निराळी होती, चार लोकांत आपली शोभा झाली एवढीच.

आता मालवणला तशा चिंचोळ्या होड्या, कयाक, भाड्यानं मिळतात, पिल्लं बघायला लांबून माणसं येतात. जरूर जा. मला त्या डॉल्फिनांच्या पाठी आजही आठवतात, पण त्यांच्या आधी दादांचं ते बोट आठवतं.

त्या वेळी गावात उतरलो तर पारावरची माणसं वाटच बघत होती. "कासव आणलं का?" एकानं विचारलं. मला वाटलं, दादा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

"न्हाई आणलं," दादा म्हणाले. "माझ्या हातनं एक मेलं."

सगळे हसले. "मग आता बिनकासवाचीच हीर व्हय?"

"आसू द्या तशीच. मी हाय की साफ कराय."

गुडघे चालत होते तोवर दर उन्हाळ्यात दादा दोर धरून विहिरीत उतरत राहिले आणि तळातला गाळ स्वतःच्या हातानं वर देत राहिले.