माणसं नसलेलं चित्र

इकडे परदेशात, नेपरव्हिलच्या आमच्या किचनला टाइल्स बसवायला तो दोनच दिवस आला होता. नाव सांगितलं असणार. माझ्या लक्षात राहिली ती त्याची बोटं. प्रत्येक टाइल बसवली की तो तिच्यावर टकटक करायचा आणि आत कुठे पोकळ राहिलंय का, ते कान लावून ऐकायचा. वीकेंडला पाहुणे येणार म्हणून मी घायकुतीला आलेले, आणि हा आपला ऐकतोय!

दुपारी चहा दिला, तेव्हा कळलं की तो दमास्कसचा. तिथल्या जुन्या मशिदीच्या भिंतींवर काचेच्या तुकड्यांचं चित्र आहे, तेराशे वर्षांपूर्वीचं. त्याचे वडील त्या चित्राच्या दुरुस्तीच्या कामावर होते.

"सोनेरी आकाश, झाडं, नदी, घरांमागे घरं. माणूस मात्र एकही नाही, सिस्टर. लहानपणी मी वडिलांना विचारलं, माणसं कुठे गेली? म्हणाले, जेवायला आत गेलीत. येतील आता."

"तुमच्या घरी आता कोण असतं तिथे?" मी नको ते विचारून बसले.

तो खिडकीतून आमचा रस्ता बघत राहिला. बर्फ, झाडं, घरांमागे घरं.

"इथेही सगळे जेवतायत वाटतं," म्हणाला, आणि पुढची टाइल उचलली.

आता मुलगी कॉलेजसाठी दूर राहायला गेली. नागपूरचं घर आईच्या मागे बंदच आहे. सकाळी एकटीचा चहा ठेवते, बाहेर बघते, आणि हात आपोआप टाइलवर टकटक करतो. मग मीही कान लावते. आतून कुणीतरी "आले गं, आले" म्हणेल म्हणून.