तसंच ठेवा

तुम्ही शेवटचं कोणाचं मराठी सुधारलंत, आणि त्यानंतर ती व्यक्ती तुमच्याशी पुन्हा मराठीत बोलली का?

मी सिंगापूरला निघालो तेव्हा हा प्रश्न माझ्याजवळ नव्हता. माझ्याजवळ होत्या साठ पुस्तिका आणि एक लाल पेन. इचलकरंजीत माझ्या वडिलांचा, आप्पांचा, छोटा छापखाना आहे. यंत्रमाग कामगारांच्या सभांची आणि मोर्चांची पत्रकं तिथे छापली जात. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर, आणि मिसरूड फुटायच्या आधीच मुद्रितं तपासायला बसलो. एखादा ऱ्हस्व चुकून दीर्घ झाला असेल, तर मला तो अजूनही रस्त्यापलीकडून दिसतो.

पुस्तिका मी लिहिलेली होती, वेल्सच्या एका कवीवर. वेल्स म्हणजे इंग्लंडला लागून असलेला, स्वतःची निराळी भाषा असलेला डोंगराळ देश. हा कवी त्या वेल्श भाषेसाठी आयुष्यभर भांडला. इंग्रजीतली सरकारी नोटीस तो न उघडता परत पाठवायचा. दुकानात वेल्शमध्ये उत्तर मिळालं नाही, तर हातातलं सामान तिथेच ठेवून निघून यायचा. आणि ज्या कवितांमुळे तो जगभर गाजला, त्या सगळ्या त्याने इंग्रजीत लिहिल्या. हा अडचणीचा भाग मी पुस्तिकेत एका परिच्छेदात उरकला होता. शत्रूचंच हत्यार त्याने हिसकावून घेतलं, असं काहीतरी जोरदार लिहिलं होतं. कवीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी आवृत्ती काढायची होती. कवीची मुलगी म्हातारपणी सिंगापुरात राहते, हे पत्रव्यवहारातून कळलं होतं, आणि ती भेटायला तयार होती. माझी थोरली बहीणही तिथेच, टॅम्पिनीसमध्ये. तिच्या ओळखीने तिथल्या मराठी लोकांनी रविवारी माझं भाषण ठेवलं. माझी ओळख करून देणार होती माझी आठ वर्षांची भाची रेवा, मराठीतून, चार वाक्यांत.

विमानतळावर दाजी आणि रेवा घ्यायला आले होते. रेवाच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती, ‘मामा’ लिहिलेली. अक्षरं थोडी कलंडलेली, पण देवनागरी. माझ्यासमोर येऊन ती पाठ केल्यासारखं म्हणाली, “मामा, माझा आई ऑफिसमध्ये आहे.”

मी मोठ्याने हसलो. “माझा आई? तुझ्या आईला मिशा फुटल्या की काय?”

दाजीही हसले. “आमच्याकडे सगळं असंच आहे बघ. आई पुल्लिंगी, बाप नपुंसकलिंगी.”

रेवाने बुटांकडे बघितलं. “माझी. माझी आई,” मी सांगितलं. “म्हण बघू.”

“ओके ला,” ती म्हणाली. (वाक्याच्या शेवटी ‘ला’ जोडायची तिथली पद्धत आहे. त्यात लाड असतो, कधी वैताग असतो.) त्यानंतर एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी गेल्यावर माझ्याशी बोलली ती फक्त इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला.

“ती रविवारी बोलणार नाही म्हणते.”

“का?”

“तुला माहीत नाही? तीन वर्षं मी मराठीत बोलतेय आणि ती इंग्रजीत उत्तरं देतेय. गेल्या महिन्यात पहिल्यांदा आपणहून मराठी बोलायला लागली. ती चार वाक्यं तिने स्वतः लिहिली होती. तू एका मिनिटात तिचं तोंड बंद केलंस.”

“मी फक्त सुधारलं.”

“तू हसलास,” ताई म्हणाली आणि ऑफिसला निघून गेली.

मला राग आला. मराठीच्या बाजूने मी रस्त्यावर उतरलोय, पोलिसांच्या गाडीत बसलोय, आणि मराठीचं नुकसान मी केलं म्हणे. तो राग घेऊनच खालच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. एका छपराखाली तीस-चाळीस खाण्याची दुकानं, मधे गोल टेबलं, वर फिरणारे पंखे. पाटीवर ‘कॅरट केक’ वाचून गोड काहीतरी असेल म्हणून मागितलं. दुकानातल्या चिनी मावशींनी विचारलं, “व्हाइट ऑर ब्लॅक?” मी गोंधळून व्हाइट म्हणालो. आले ते मुळ्याच्या पिठल्यासारखे मऊ तुकडे, अंड्यात परतलेले, वर कांद्याची पात. गाजर नाही, केकही नाही.

“मावशी, यात गाजर कुठे आहे?”

“नो कॅरट,” त्या म्हणाल्या. “ऑलवेज नो कॅरट. यू ईट फर्स्ट.”

मी खाल्लं. फार चांगलं होतं. मग बसून ऐकत राहिलो. एकही वाक्य इंग्रजी व्याकरणात बसणारं नव्हतं. क्रियापदं गळालेली, काळ बेपत्ता, मलय आणि चिनी शब्द मधे घुसलेले. आणि कोणी कोणाला हसत नव्हतं. सूट घातलेला माणूसही मावशींशी तसंच बोलत होता, आणि त्याला हवं ते ताटात येत होतं. माझा राग गेला नाही, पण त्याला कुठे ठेवावं ते कळेना.

शुक्रवारी दुपारी कवीच्या मुलीकडे ईस्ट कोस्टला गेलो. बसमधून दोन थांबे आधीच उतरलो आणि समुद्राकाठच्या बागेतून अर्धा तास घामाघूम चालत पोचलो. आठव्या मजल्यावर त्यांनी दार उघडलं. मेगनबाई, वय सत्तरीच्या पुढे, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. पियानो शिकवायला या शहरात आल्या, इथल्याच एका गृहस्थांशी लग्न केलं, आता ते नाहीत. खिडकीतून नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसत होती.

आमचं बोलणं इंग्रजीत झालं. मी पुस्तिका दिली. त्यांनी वडिलांच्या फोटोवर बोट ठेवलं. “यात मी कुठे आहे?”

मी पान काढून दाखवलं आणि अर्थ सांगितला. ‘त्यांना एक मुलगी आहे.’

“मराठीत हे वाक्य इतकंच लहान आहे?”

“इतकंच आहे,” मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात इंग्रजीच बोलली जाई. आई इंग्रज. वडीलही इंग्रजीतच वाढलेले, वेल्श शिकले ते तिशीत, पुस्तकांवरून. पाहुणे मात्र सगळे वेल्श बोलणारे. ते आले की मेगनने स्वयंपाकघरात बसायचं, कारण ती बोललीच तर इंग्रजीत बोलेल. नऊ वर्षांची असताना तिने शेजारणीकडून लपूनछपून एक वाक्य शिकून घेतलं. पाहुण्यांना चहा द्यायला गेली आणि म्हणाली, ‘हे माझे वडील.’

“वेल्शमध्ये वडिलांना ‘ताद’ म्हणतात,” मेगनबाई म्हणाल्या. “पण त्याआधी ‘व’, म्हणजे ‘माझे’, लावलं की शब्दाचं तोंड बदलतं. ‘व न्हाद’. तुझे असतील तर ‘दाद’, तिचे असतील तर ‘थाद’. वडील कोणाचे, त्यावर पहिलं अक्षर ठरतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी ‘व ताद’ म्हणाले.”

“आणि?”

“वडील हसले. पाहुण्यांसमोर मला नीट म्हणायला लावलं. दोनदा. मी म्हटलं. त्यानंतर त्यांच्यासमोर मी वेल्शचा एक शब्द उच्चारला नाही.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“तुम्ही लिहिलंय की त्यांनी शत्रूचं हत्यार हिसकावलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पत्रातच वाचलं होतं. तसं काही नव्हतं. वेल्शमध्ये कविता लिहिली तर चूक होईल आणि कोणीतरी हसेल, याची त्यांना भीती वाटायची. भाषणं ते चार जणांकडून तपासून घेत. कविता कशी तपासून घेणार? मला हसले, आणि स्वतःच्या चुका जन्मभर कोणाला दिसू दिल्या नाहीत. शेवटच्या आजारात त्यांची शिकलेली वेल्श पुसली गेली. लहानपणची इंग्रजी तेवढी उरली. मग त्यांनी बोलणंच सोडलं. मी विचारायची, पाणी हवं का? ते भिंतीकडे तोंड करायचे.”

जहाजं जागची हलली नव्हती. मेगनबाईंनी टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. दर मंगळवारी त्या संगणकावर वेल्श शिकतात, वर्गात चार जण. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘व न्हाद’. अकरा वेळा.

“नियम पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “तरी ‘व’ म्हटलं की अजून थांबते.”

निघताना मी विचारलं, दुसऱ्या आवृत्तीत काय दुरुस्त करू? त्या म्हणाल्या, “स्वयंपाकघर घाला. आणि माझं वाक्य मी म्हटलं तसंच छापा. बाकी कुठे लिहिलंत तर त्यांचं नाव नको. नाव आलं की लोक त्यांच्याचबद्दल बोलायला लागतात.”

मुद्रितं तपासताना आमच्याकडे एक खूण असते. शब्द चुकून खोडला गेला, तर त्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘तसंच ठेवा’. इतक्या वर्षांत ही खूण मी क्वचितच वापरली आहे.

टॅम्पिनीसला परतलो तेव्हा रेवा गृहपाठ करत होती. तिच्यासमोर खाली बसलो. “रेवा, विमानतळावर मी हसलो, ते चुकलं माझं.”

तिने वर बघितलं. “नेव्हर माइंड, मामा,” ती म्हणाली, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मोठ्या माणसांना सोडून द्यायचं असतं तेव्हा मुलं ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

रविवारी यिशुनच्या सभागृहात माझी ओळख ताईने करून दिली. रेवा पहिल्या रांगेत, मांडीखाली हात दाबून. लिहून आणलेलं भाषण मी उघडलं नाही. स्वयंपाकघर सांगितलं, आणि मग एका विमानतळावर एका मामाने काय केलं तेही सांगितलं. भाची कोणाची, ते नाही सांगितलं.

मागच्या रांगेतले एक काका उठले. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाची घडी मोडलेली नाही. “म्हणजे पोरांनी चुकीचं बोलायचं आणि आपण माना डोलवायच्या? भाषेचं वाटोळं होईल, साहेब.”

“काका, वाटोळं करणारे मी पाहिलेत,” मी म्हणालो. “मराठी शाळा बंद करणारे, मराठी अर्ज परत करणारे. त्यांच्याशी मी भांडत आलोय आणि भांडणार आहे. पण या आठवड्यात मी भांडलो ते एका आठ वर्षांच्या मुलीशी, आणि जिंकलो. आता ती मराठी बोलत नाही.”

काका बसले. पटलं म्हणून बसले असं नाही. जाताना म्हणाले, “माझा नातू माझ्याशी फोनवर फक्त ‘हाय’ म्हणतो.” आणि पुस्तिका न घेता गेले.

रेवा काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मंगळवारी ती आणि दाजी मला सोडायला विमानतळावर आले. मी रांगेत शिरलो आणि मागून आवाज आला.

“मामा, थांब. तुझा बॅग उघडा आहे.”

दाजींनी तोंड उघडलं. मी त्यांचं मनगट धरलं. बॅगेची चेन खरंच अर्धी उघडी होती आणि पुस्तिका बाहेर डोकावत होत्या.

“खरंच की,” मी म्हणालो. “बरं झालं सांगितलंस.”

“सगळा पडला असता.”

“सगळा पडला असता,” मी म्हणालो.

तिने स्वतःच चेन लावली.

आता इचलकरंजीत बसून हे लिहितो आहे. दुसऱ्या आवृत्तीत मी स्वयंपाकघर घातलं आणि प्रस्तावनेत विमानतळही; तिची मुद्रितं आप्पांनी तपासली. मेगनबाईंच्या ‘व ताद’वर आणि रेवाच्या ‘माझा आई’वर लाल गोल करून त्यांनी विचारलं, “ही दोन तुझ्या नजरेतून सुटली कशी?” मी त्यांच्याच हातातलं पेन घेऊन दोन्हींखाली टिंबं दिली. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान घेतलं.

तुमच्याकडून मला एक काम हवं आहे. सही नको, वर्गणी नको, मोर्चालाही यायला नको. कधीतरी तुमच्या घरात, जिन्यात किंवा फोनवर कोणीतरी अडखळत ‘माझा आई’ म्हणेल. तेव्हा हसू नका आणि सुधारू नका. आई कशी आहे, ते विचारा.