दिरांचा पासवर्ड

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा निरगुडसरात तो असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तो घरातली सून चालवते असं घर तर आमचं एकच. हे मी तेव्हाही मिरवायचे आणि आताही मिरवते. माहेरी असताना घोडेगावला एसटीनं जाऊन-येऊन मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता. लग्नानंतर दोन वर्षं ते शिक्षण नुसतं पडून होतं.

कॉम्प्युटर आणला मोठ्या दिरांनी. ते पुण्यात नोकरीला होते. आमच्या शेडनेटमधली ढोबळी मिरची पुण्याचा एक मोठा व्यापारी घ्यायचा, आणि उद्या किती क्रेट पाहिजेत ते फक्त मेलवर कळवायचा. मेल बघायचं काम माझ्याकडे आलं. खातं मात्र दिरांच्या ताब्यात. पासवर्ड त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवून टाइप केला, 'लक्षात ठेवू का?' असं ब्राउझरनं विचारल्यावर हो म्हटलं, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मशीनच्या ध्यानात ऱ्हातंय. तिला येगळं सांगायची गरज न्हाई." मी तिथंच चहाचा कप धरून उभी होते. चहा दिला, पण मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पासवर्डची जागा रिकामी. ब्राउझर माझ्याकडे अनोळखी पाहुण्यासारखा बघत होता. दिरांना फोन केला तर ते पासवर्ड फोनवर सांगायला तयार नाहीत. रविवारी आले, पुन्हा पाठ फिरवून टाइप केला, गेले. सोमवारी पुन्हा गायब. मेल उघडेना, मिरची तोडायची किती ते कळेना, आणि नवऱ्याला व्यापाऱ्याची बोलणी खावी लागली ती वेगळीच. असं चार-पाच वेळा झाल्यावर दिरांनी निकाल दिला, "तिच्या हातानंच जातंय. कायतरी भलतंच दाबत आसंल. पुढच्या रविवारी मी मशीन पुण्याला नेतो. मेल बघून तुमाला फोन करीत जाईन."

मशीन गेलं असतं तर माझं त्या घरातलं एकमेव असं काम गेलं असतं, जे मला येत होतं आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. शिवाय 'हिच्या हातानं जातंय' हा शिक्का कायमचा बसला असता. मी हट्टाला पेटले.

दिरांचा पासवर्ड माझ्याकडे नव्हता, म्हणून मी स्वतःचं एक खातं उघडलं आणि त्याचा पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवायला लावला. हा माझा राखणदार. आधी संशय लोडशेडिंगवर. लाइट धाडकन जायची, मशीन बंद पडायचं. लाइट आल्यावर बघितलं तर राखणदार जागेवर. मग व्हायरसचा संशय. तपासणी केली, काही निघालं नाही. नवऱ्याला मुद्दाम क्रिकेटचा स्कोअर बघायला बसवलं, तरी पासवर्ड शाबूत. पण सकाळी उठून बघावं तर गेलेला. मग मध्येच दोन दिवस तो गेलाच नाही, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ते दोन दिवस माझे सासरे लेकीकडे डिंभ्याला गेले होते.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. माउस धरायला मीच शिकवलं होतं त्यांना. रोज संध्याकाळी ते बाजारभाव बघायचे. ते परत आले त्या दिवशी मी घेवडा निवडायला घेऊन दारातच बसले. आबांनी भाव बघितले, चष्मा पुसला, आणि एक चौकट उघडून अगदी सराईतपणे एकेका ओळीपुढं खूण आहे का ते तपासलं. मग खालचं बटण दाबलं.

"आबा, हे काय करताय?"

"धुतोय," ते म्हणाले. "मशीनच्या दुकानवाल्यानं सांगितलंय, काम झालं की साफ करीत जा, न्हाईतर मशीन जड व्हतं."

मग त्यांनी मला पंपाची गोष्ट ऐकवली. एकदा तणनाशक मारलेला पंप न धुता गड्यानं तसाच टोमॅटोला वापरला होता आणि सगळा प्लॉट करपला होता. तेव्हापासून आबा फवारणीचा पंप स्वतः तीन-तीन पाण्यांनी धुवायचे. कॉम्प्युटरही ते तसाच रोज धुवून ठेवत होते. ब्राउझरनं साठवलेलं पुसायच्या त्या चौकटीत जेवढ्या ओळी, तेवढ्या सगळ्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

मी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही पासवर्डची. एवढी खूण काढा. बाकी खुशाल धुवा."

पासवर्ड आपणच घालवतोय हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.  उठून गोठ्याकडे गेले, रात्री जेवताना मान वर केली नाही. मी हे कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आबांचा शब्द गावात चालायचा, आणि आपलं चुकलं असं ते कधी बोललेले आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनीसुद्धा ऐकलं नव्हतं. रविवारी मशीन वाचवायचं तर खरं सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं तर आबांची मान पोरांसमोर खाली जाणार होती. 

रविवारी दीर आले ते दोरी घेऊनच. वायरी काढायला वाकले, तेवढ्यात आबा पलंगावरून म्हणाले, "थांब. पासवर्ड मी घालवीत व्हतो."

दिरांना वाटलं, म्हातारा सुनेला पाठीशी घालतोय. ते हसले.

"हसतो काय? रोज सांजच्याला मीच पुसत व्हतो. चूक माझी. हिनं हुडकून काढलं, मला सांगितलं, आन कुनाला कळू दिलं न्हाई. घाल तुझा पासवर्ड."

दिरांनी घातला. आबा खुर्चीत बसले, सगळ्यांच्या देखत ती एक खूण काढली आणि धुवायचं बटण दाबलं. मग मला म्हणाले, "उघड." मी मेल उघडला. पासवर्डचे काळे ठिपके आपल्या जागी हजर होते.

"आता पासवर्ड तिला सांग," आबा म्हणाले.

दिरांनी सांगितला. मला माझ्या हुशारीचा अभिमान होताच, तो कशाला लपवू? पण त्या दिवशी मला त्याहून जास्त अभिमान वाटला तो आबांचा. सत्तरी गाठलेला माणूस पोरांसमोर 'चूक माझी' म्हणाला, आणि म्हणताना त्यांची मान ताठ होती. अशा घरात आपण नांदतोय या विचारानं मला भरून आलं.

चारचौघांत बोललेला पासवर्ड ठेवायचा नसतो, असं क्लासमध्ये शिकवलं होतं. म्हणून त्याच संध्याकाळी मी तो बदलला. सोमवारी दुपारी पुण्याहून दिरांचा फोन आला, मेल उघडत नाही म्हणून. फोन आबांनी घेतला होता. ते म्हणाले, "थांब, तिला इचारतो. ती म्हनली तर सांगतो."